भुसावळचा हाफ

वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी भुसावळला थांबते. आम्हा गोवेकरांना भुसावळ ठाऊक असते ते एवढ्यापुरतेच. केळी घ्यायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि गाडी कधी सुटते याची वाट पाहायची. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत आम्ही चौघे याच गाडीने दिल्लीला निघालो होतो. माझ्या धाकट्या मुलाला फुटबॉलचे वेड आहे. ते आमच्या घरात कुठून आले हे पुढे सांगतो. प्रवासात कंटाळा येऊ नये म्हणून त्याने एक खेळ काढला होता. मोठे स्टेशन आले की त्या गावात जन्मलेला फुटबॉलपटू मोबाइलवर शोधायचा. मिरजेला सतारी आणि गवई मिळाले, फुटबॉलपटू नाही. पुण्याला तो झोपला होता. मनमाडलाही हात रिकामेच. भुसावळला मात्र तो वरच्या बर्थवरून ओरडलाच, "पपा, हांगा एकलो मेळ्ळो!"

नाव होते रिकी हेपोलेट. पूर्ण नाव रिचर्ड आल्फ्रेड विल्यम हेपोलेट. जन्म ८ एप्रिल १९४९, भुसावळ. खेळण्याची जागा मिडफिल्ड, म्हणजे आपल्याकडचे जुने लोक ज्याला अजून 'हाफ' म्हणतात ती. क्लब पाच, आणि पाचही इंग्लंडमधले. मी फुटबॉलच्या गावात वाढलेला, घरात फुटबॉल खेळलेला माणूस असलेला, आणि तरी हे नाव मी जन्मात ऐकले नव्हते. गाडी सुटली, सातपुडा आला, मुलगा दुसऱ्या कशात तरी रमला. मी मात्र त्या नावापाशीच राहिलो. घरी आल्यावर मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले आणि त्यातून जे सुचले, ते आज वाचकांसमोर मांडतो आहे.

आधी भुसावळविषयी थोडे. हे गाव शेतीवर वाढले त्याहून अधिक रेल्वेवर वाढले. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग घाट चढून खानदेशात उतरला आणि भुसावळला त्याला दोन फाटे फुटले. एक नागपूरकडे, दुसरा खांडवा-इटारसीवरून जबलपूरकडे. १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले. असे जंक्शन म्हटले की इंजिनांचे शेड आले, ड्रायव्हर, गार्ड, फोरमन आले, आणि त्यांच्या राहण्याची रेल्वे कॉलनी आली. त्या काळात या जागांवर मोठ्या संख्येने अँग्लो-इंडियन लोक असत. कॉलनीत त्यांचे इन्स्टिट्यूट, नाचाचा हॉल, टेनिसचे कोर्ट, हॉकीचे मैदान. गावात मराठी, अहिराणी, उर्दू, कॉलनीत इंग्रजी.

हेपोलेट हा या अँग्लो-इंडियन समाजातला. तो जन्मला तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोन वर्षेही झाली नव्हती आणि राज्यघटना स्वीकारली जायला अजून साडेसात महिने होते. त्या घटनेत कलम ३३६ आहे. रेल्वे, कस्टम्स, टपाल आणि तार या खात्यांत अँग्लो-इंडियनांना पूर्वी असलेला राखीव वाटा दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी करत जायचा आणि दहा वर्षांनी संपवायचा, असे ते कलम सांगते. मी सरकारी कारकून असल्यामुळे मला अशी कलमे वाचायची सवय आहे. पण या कलमामागे किती घरांत रात्री दिवा लावून बोलणी झाली असतील, जायचे की राहायचे, हे कलमात लिहिलेले नसते. हजारो अँग्लो-इंडियन कुटुंबे त्या वर्षांत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेली. हेपोलेट कुटुंब इंग्लंडला गेले आणि रिकी लहानपणापासून लँकेशायरात वाढला. आपल्या गोव्यात हे कोणाला वेगळे समजावून सांगायला नको. पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला गेलेली माणसे आज सासष्टीतल्या कितीतरी गावांतली आहेत, आणि त्यांची मुले तिथल्या शाळांच्या मैदानांवर खेळत आहेत.

लँकेशायर म्हणजे कापडगिरण्या आणि फुटबॉल. तिथले प्रेस्टन नॉर्थ एंड हे नाव इंग्लिश फुटबॉलच्या पहिल्या पानावरचे आहे. १८८८ मध्ये लीग सुरू झाली आणि १८८८-८९ च्या पहिल्याच हंगामात प्रेस्टनने एकही सामना न हरता ती जिंकली. टॉम फिनी हा थोर खेळाडू सारे आयुष्य याच क्लबकडून खेळला. तो बरोबरीने नळदुरुस्तीचा धंदाही करी, म्हणून त्याला लोक 'प्रेस्टनचा प्लंबर' म्हणत. १९६० साली तो निवृत्त झाला आणि क्लबला उतरती कळा लागली. हेपोलेट १९६७ मध्ये पहिल्या संघात आला तेव्हा प्रेस्टन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होते. १९७० साली तर ते इतिहासात प्रथमच तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरले. गावात गिरण्या धापा टाकत होत्या आणि त्यातच कामासाठी गुजराती कुटुंबे येऊन वसत होती. इंग्लंडमध्ये १९६८ हे स्थलांतरितांविरुद्धच्या भाषणांचे आणि कायद्यांचे वर्ष. त्या वर्षी एकोणीस वर्षांचा हा भुसावळचा मुलगा प्रेस्टनच्या मध्यरेषेवर पाय रोवत होता.

त्या वेळची इंग्लिश लीग म्हणजे बरोबर ९२ क्लब आणि चार डिव्हिजन. पहिल्या दोनमध्ये बावीस-बावीस, खालच्या दोनमध्ये चोवीस-चोवीस. तिसऱ्या डिव्हिजनच्या संघाला एका हंगामात ४६ लीग सामने, शिवाय कपचे वेगळे. ऑगस्टपासून मेपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत मैदानाचा मधला भाग म्हणजे नांगरलेले शेत. बदली खेळाडू एकच. चेंडू ओला झाला की जड. आणि या चिखलात सगळ्यांत जास्त धावायचे ते हाफने, कारण पुढचा पुढे थांबतो, मागचा मागे थांबतो, मधल्याने दोन्हीकडे जायचे.

१९७०-७१ चा हंगाम हा हेपोलेटच्या आयुष्यातला सर्वांत उजळ म्हणावा लागेल. प्रेस्टनचा मॅनेजर होता अॅलन बॉल, म्हणजे १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या अॅलन बॉलचे वडील. पहिल्या जागेसाठी प्रेस्टन आणि लंडनचे फुलहॅम यांच्यात चुरस होती. हंगामाच्या अगदी शेवटी दोघांची गाठ फुलहॅमच्या क्रेवन कॉटेज मैदानावर पडली. सामना १-० असा प्रेस्टनने जिंकला आणि तो एक गोल हेपोलेटचा, डोक्याने मारलेला. मग घरच्या डीपडेल मैदानावर रॉदरहॅमला ३-० हरवून प्रेस्टन विजेते ठरले. शेवटचा तक्ता असा: प्रेस्टन ६१ गुण, फुलहॅम ६०. त्या काळी विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक. म्हणजे तो हेडर जाळ्यात गेला नसता आणि सामना बरोबरीत सुटला असता, तर आकडे नेमके उलटे झाले असते: फुलहॅम ६१, प्रेस्टन ६०. कारकुनाच्या मनाला असा हिशेब आवडतो.

याच हंगामाच्या मध्यावर, डिसेंबर १९७० मध्ये, भारताचा संघ बँकॉकच्या आशियाई खेळांत ब्राँझपदक जिंकत होता. एशियाडच्या फुटबॉलमधले आपले आजवरचे ते शेवटचे पदक. इकडे आपण त्या पदकाचा आनंद करत होतो आणि तिकडे खानदेशात जन्मलेला एक मुलगा प्रेस्टनच्या चिखलात शनिवारमागून शनिवार खेळत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळच्या, पण एकीला दुसरीची वार्ता नव्हती.

प्रेस्टनकडून लीगचे १५४ सामने आणि १३ गोल करून हेपोलेट १९७२ मध्ये लंडनला ओरिएंट क्लबात गेला. पूर्व लंडनमधल्या लेटन भागातला हा लहानसा क्लब. पहिल्या डिव्हिजनमध्ये तो फक्त एक हंगाम, १९६२-६३ मध्ये, खेळलेला. १९७३-७४ मध्ये पुन्हा ती संधी आली. त्याच वर्षापासून दुसऱ्या डिव्हिजनमधून दोनऐवजी तीन संघ वर चढवायचे ठरले होते. शेवटच्या सामन्यात, ३ मे १९७४ रोजी, ओरिएंटला घरच्या ब्रिस्बेन रोड मैदानावर अॅस्टन व्हिलाविरुद्ध जिंकायचे होते. सामना १-१ असा सुटला. तक्ता असा: कार्लाइल ४९ गुण, ओरिएंट ४८. कार्लाइल वर गेले, ओरिएंट राहिले.

पाहा, तीन वर्षांपूर्वी एका गुणाने जे मिळाले ते आता एका गुणाने गेले. हेपोलेट त्यानंतर पहिल्या डिव्हिजनच्या इतका जवळ कधीच आला नाही. सारी कारकीर्द तो दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या डिव्हिजनमध्ये खेळला. पहिल्यात एक मिनिटही नाही.

ओरिएंटविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७४ च्या शरदात याच क्लबातून लॉरी कनिंगहॅम नावाच्या कृष्णवर्णीय पोराने लीगमध्ये पाऊल टाकले. पुढे तो वेस्ट ब्रॉमविचला गेला आणि १९७९ मध्ये थेट रिअल माद्रिदला. त्याच्यावर पुस्तके निघाली, पुतळे उभे राहिले, आणि ते योग्यच झाले. इंग्लिश फुटबॉलमध्ये गोऱ्यांखेरीज इतर कोणी दिसला की प्रेक्षकांतून शिव्या येण्याचे ते दिवस होते. अशा दिवसांत ओरिएंटच्या लाल बनियनमध्ये कनिंगहॅम आणि हेपोलेट हे दोघे एकाच क्लबात होते. एक तारा झाला. दुसरा आपले काम करत राहिला.

ओरिएंटचे ११३ लीग सामने झाल्यावर पुढचा रस्ता उताराचा. १९७६ मध्ये क्रिस्टल पॅलेस, तिसरी डिव्हिजन. टेरी व्हेनेबल्स तिथे नवा मॅनेजर झाला होता आणि त्या हंगामात पॅलेस वर चढले. पण तोवर हेपोलेट १५ सामने खेळून चेस्टरफिल्डला गेलेला होता. चेस्टरफिल्ड म्हणजे कोळशाच्या खाणींच्या मुलखातले, चर्चच्या वाकड्या कळसासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तिथे ४७ सामने. १९७९ मध्ये पीटरबरो, चौथी डिव्हिजन, ५ सामने. आणि मग संपले. एकूण लीग सामने ३३४, गोल २६.

अशा खेळाडूला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. मला आधी वाटे, गावोगाव फिरतो म्हणून हे नाव. तसे नाही. या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला 'दिवसभराचे काम' या अर्थाचा शब्द आहे. जो कारागीर शिकाऊपणा संपवून हात बसलेला झाला आहे, पण स्वतःचे दुकान असलेला उस्ताद झालेला नाही, जो रोजावर काम करतो, तो जर्नीमन. आपल्याकडे सुताराच्या किंवा सोनाराच्या पेढीवर असा एक माणूस असायचाच. नाव पेढीवरच्या पाटीवर नाही, पण दागिना त्याच्या हातचा.

या रोजंदारीचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये कितीही मोठ्या खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांहून जास्त पगार देता येत नसे. ती मर्यादा उठली, मोठ्या नावांचे पगार शंभरावर गेले, पण खालच्या डिव्हिजनमधल्याला त्याचा वाटा थोडाच मिळाला. त्याहून जाचक गोष्ट होती ती नोंदणीची. खेळाडूचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबाच्या ताब्यात राही. क्लबाने सोडले नाही तर दुसरीकडे खेळता येत नसे. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत बेकायदा ठरवली. तरी करार संपल्यावर स्वतःच्या मर्जीने क्लब बदलण्याचा हक्क मिळायला १९७८ साल उजाडावे लागले. हेपोलेटची बहुतेक कारकीर्द त्याआधीची. म्हणजे प्रेस्टन ते लंडन हा प्रवास केवळ त्याच्या इच्छेचा कधीच नव्हता. आपल्या सरकारी बदलीसारखेच ते. फरक इतकाच की आमच्या बदलीच्या शेवटी पेन्शन असते.

इथे मला थोडे घरचे सांगायला हवे.

माझा दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. तोही हाफच. आमच्या गावच्या क्लबातून तो आधी थर्ड डिव्हिजन, मग सेकंड डिव्हिजन खेळला. घरात आम्ही कोकणी बोलतो, लिहितो-वाचतो मराठी, आणि ओरडतो फुटबॉलच्या भाषेत. दिवसा दादा खाणीच्या बार्जींच्या दुरुस्तीचे काम करी. चार वाजता सुटला की कापणी झालेल्या शेतात सराव, पायाला भाताची खुंटे टोचत. रविवारी सामना. गावोगावच्या फेस्तांच्या वेळी होणाऱ्या स्पर्धा वेगळ्या. पायलटमागे बसून तो कुठे कुठे जाऊन खेळून येई, बुटांची पिशवी गळ्यात. साधारण १९८४ पासून १९९९ पर्यंत तो असा खेळला. मोठ्या क्लबाची ट्रायल एकदा झाली, बोलावणे आले नाही. गुडघा गेला तेव्हा खेळ थांबला.

लहानपणी मी त्याच्या सामन्यांना जाई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात त्याचे नाव शोधी. ते नसे. छापून येई ते निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावे. फार तर गोलकीपरचे. हाफचे नाव पेपरात येत नाही, हे मला दहाव्या वर्षीच कळले. कॉलेजात गेल्यावर मला शिंगे फुटली आणि एकदा भांडणात मी त्याला म्हटले, "इतकीं वर्सां खेळ्ळो, कितें मेळ्ळें तुका?" तो काही बोलला नाही. बूट धुऊन त्याने पायरीवर उन्हात ठेवले.

त्याला एकदा सरकारी नोकरीची संधी होती. खेळाडूंच्या राखीव जागेतली. अर्जासोबत हवे होते ते कुठल्या वर्षी, कुठल्या क्लबातून, किती सामने खेळला याचे प्रमाणपत्र. क्लबाचा सेक्रेटरी आखातात गेला होता. क्लबाची वही एका घराच्या माळ्यावर सापडली, ती वाळवीने खाल्लेली. कचेरीतला माणूस वाईट नव्हता. त्याने खांदे उडवले आणि सांगितले की नोंद नाही, म्हणून घेता येत नाही. दादा बार्जींच्या कामावरच राहिला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तेही गेले.

आता गंमत पाहा. त्यानंतर काही वर्षांनी मी त्याच सरकारात लोअर डिव्हिजन क्लार्क म्हणून लागलो. हो, आमच्याकडेही डिव्हिजन असतात. पुढे अप्पर डिव्हिजनला चढलो. गेली वीसहून अधिक वर्षे माझे काम काय, तर नोंदी तपासणे. कित्येकांना मी स्वतः खिडकीतून सांगितले आहे: नोंद नाही. नियमाने ते बरोबरच होते. पण सांगताना प्रत्येक वेळी मला ती वाळवी लागलेली वही आठवते.

म्हणून हेपोलेटच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त थक्क केले ते त्याच्या गोलाने नव्हे, तर त्या शेवटच्या '५' या आकड्याने. चौथ्या डिव्हिजनमधल्या एका क्लबाकडून, कारकिर्दीच्या अखेरीस, खेळलेले पाच सामने. कोणाच्या लक्षात राहतील असे काही त्यांत नाही. तरी ते पाच आहेत, चार नाहीत, सहा नाहीत. इंग्लंडमध्ये १९७० पासून एका सिगारेट कंपनीच्या पैशावर 'रॉथमन्स फुटबॉल इयरबुक' निघू लागले. त्यात ९२ क्लबांचे सारे सामने आणि खेळाडूंच्या नोंदी येत. १९७८ मध्ये आकडेवारीच्या छंदिष्टांनी स्वतःची संस्थाच काढली. आणि १९८१ मध्ये बॅरी ह्युगमन याने १९४६ पासून लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक माणसाची अकारविल्हे यादी पुस्तकरूपाने छापली. जन्मतारीख, जन्मगाव, क्लब, वर्षे, सामने, गोल. विश्वचषक जिंकणाऱ्याला जो साचा, तोच साचा पाच सामने खेळणाऱ्याला. मोठेपणाप्रमाणे कोणाची जागा पुढे-मागे नाही, फक्त अक्षराप्रमाणे.

लक्षात घ्या, हे काम कुठल्या सरकारने केले नाही. केले ते मुख्यतः छंदिष्ट माणसांनी, जुनी वर्तमानपत्रे आणि क्लबांच्या वह्या चाळून. त्यांच्यातही माझ्यासारखे कारकून असणार अशी माझी खात्री आहे. त्यांच्यामुळे एका खानदेशी जंक्शनचे नाव प्रेस्टनच्या इतिहासात टिकले, आणि त्यांच्यामुळेच माझ्या मुलाला ते गाडीत सापडले.

आपल्याकडे फुटबॉलची आठवण वेगळ्या रीतीने राहते. कलकत्त्याच्या मोहम्मद सलीमची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तो १९३६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकच्या राखीव संघातून अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून खेळला. गोष्ट सुंदर आहे, सांगण्यासारखी आहे. सामने होते दोन. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये बरी या क्लबाकडे गेला तेव्हा देशभर बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. भारतातून जाऊन तिथे खेळणे सोपे नव्हते. बरी म्हणजे त्याच लँकेशायर मुलखातला जुना क्लब, त्या वेळी तिसऱ्या पायरीवर. भुतियाचे लीग सामने ३७. या दोघांना कमी लेखायचा माझा हेतू नाही. पण ३३४ सामन्यांच्या माणसाचे नाव आपण कुठे ऐकले? भारताच्या फुटबॉलच्या इतिहासात तो बसत नाही, कारण तो इथे खेळला नाही. इंग्लंडमधल्या आशियाई खेळाडूंच्या इतिहासातही तो नीट बसत नाही, कारण नाव रिचर्ड आल्फ्रेड विल्यम. भुसावळला तो आठवणीत नाही, कारण ज्या कॉलनीत आठवण राहिली असती तिथली माणसेच निघून गेली.

तर मग तो आपला म्हणायचा का? या प्रश्नावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी वाटले, प्रश्नच चुकीचा आहे. एखाद्याला 'आपला' म्हणण्यासाठी आपण फार वेळा त्याचे यश मागतो. तारा झाला की सगळेच नातेवाईक. हेपोलेट मला आपला वाटतो तो भुसावळमुळे थोडा, आणि त्या ३३४ मुळे जास्त. बारा-तेरा हंगाम एका माणसाने शनिवारी बूट बांधले, पावसात धावला, चेंडू हिसकावला, पुढच्याला दिला. जे पेपरात आले ते एका गोलाचे. बाकीचे ३३३ सामने वहीत राहिले.

गोव्यातही अशी शेकडो माणसे आहेत. साळगावकर, धेंपो, वास्को, सेझा, चर्चिल यांच्या ट्रॉफ्यांच्या कथा आपण सांगतो आणि सांगाव्यात. साळगावकरने १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोनदा फेडरेशन कप आणला तेव्हा आमच्या गावात फटाके वाजले होते, मला आठवते. ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव आमच्या वयाच्या कुठल्याही गोवेकराला विचारा. पण त्या इमारतीच्या खालचे दगड होते थर्ड डिव्हिजनमधले, फेस्तांच्या मैदानांवरचे, ज्यांच्याशी खेळून मोठे मोठे झाले. त्यांच्या वह्या कुठल्या माळ्यावर आहेत? किती उरल्या आहेत?

दिल्लीहून परतल्यावर मी बाजारातून एक लांबट फुलस्केप वही आणली, कचेरीत असते तशी. रकाने आखले: तारीख, मैदान, विरुद्ध क्लब, निकाल, शेरा. आता रविवारी संध्याकाळी दादाच्या घरी जातो. तो एकोणसाठीचा झाला आहे. पहिल्या दिवशी तो हसला आणि म्हणाला, "तूं कित्याक बरयता हें? कोण वाचतलो?" मी म्हटले, सवय आहे. मग तो सांगू लागला. तारखा त्याला आठवत नाहीत. फेस्त कुठले होते, पाऊस होता की नाही, समोरचा हाफ कोण होता, हे आठवते. त्यावरून तारीख मी लावतो. त्याच्याबरोबर खेळलेले दोघे-तिघे जिवंत आहेत, त्यांना विचारून ताळा घेतो. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहितो. दोन माणसांनी सांगितल्याखेरीज सामना चढवायचा नाही, असा नियम केला आहे. आजवर ५८ सामने चढले आहेत. गोल तीन. दादा म्हणतो चार, पण चौथ्याला दुसरा साक्षीदार मिळालेला नाही.

माझा मुलगा ही वही मोबाइलवर चढवायची म्हणतो. चढवू दे. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या क्लबाची वही, टीमचा फोटो, सामन्याची पावती असेल, तर ती वाळवी लागण्याआधी खाली काढा, एवढेच सांगणे. आणि घरात कोणी खेळलेला असेल तर त्याला विचारा. पण मी विचारला तो प्रश्न विचारू नका.